गिरजामावशीच्या जामीनबाया

वणीत नव्यानं नोकरीला आलेला माणूस खोली शोधत फिरू लागला, की पानठेल्यावर त्याला हमखास सांगत, "गिरजामावशीकडे भेटन खोली. पन बाई आना लागन."

ऐकणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. बिचारा सडाफटिंग कारकून असायचा, नाहीतर कोळशाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर. बायको असती तर खोलीसाठी दारोदार फिरायची वेळ कशाला आली असती? त्याची पुरेशी गंमत पाहून झाली की मग कोणीतरी खुलासा करी. गिरजामावशीला भाडेकरूमागे जामीन लागे, आणि जामीन म्हणून गावातली एखादी बाईच हवी असे. पुरुषाची हमी तिला चालत नसे. कागद, सही, शिक्का यातलं काही लागत नसे. बाईनं स्वतः यायचं, मावशीसमोर बसायचं आणि "याची जबाबदारी माझी" एवढं म्हणायचं. पुढे मात्र अधूनमधून येऊन त्या बिऱ्हाडावर नजर टाकून जायची. गाव अशा बायांना जामीनबाया म्हणे.

मी त्यांच्यातलीच एक. साठ सालच्या आगेमागे मी वणीच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते, माझे यजमान पोस्टात होते आणि आमचं बिऱ्हाड मावशीच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे होतं. इतकी वर्षं झाली, पण दुपारची शाळा सुटल्याची घंटा कुठेही कानावर पडली की मला अजून तिची ओसरी आठवते. त्या ओसरीवर गुळाचा चहा असे, आणि उठू न देणाऱ्या गप्पा.

कापसाच्या जुन्या बाजारामागे तिचं कवेलूचं, कौलारू घर होतं. पुढची खोली आणि ओसरी तिची, मागे ओळीनं तीन खोल्या भाड्याच्या, मध्ये अंगण, अंगणात विहीर. मावशी उंच, हाडकुळी. पदर खोचून चालायला लागली की बरोबरच्या माणसाला पळावं लागे. कपाळावर मोठं थोरलं कुंकू आणि गळ्यात मात्र काही नाही. नवरा कुठेतरी जिवंत होता. "तो हाये म्हनून कुंकू, अन् तो तसा हाये म्हनून गळा मोकळा," असं ती एकदा म्हणाली होती. त्यापलीकडे विचारायची कोणाची छाती नव्हती.

तिची एक सवय होती. समोरचा बोलायचा थांबला की ती फक्त "मंग?" म्हणायची. आवाज चढवायची नाही, हातातलं कामही थांबवायची नाही. माणूस आणखी थोडं सांगे. पुन्हा "मंग?" असं दोन-तीनदा झालं, की जे सांगायचं नाही असं ठरवून माणूस आलेला असे, ते आपसूक बाहेर पडे.

तिच्याकडे यायचे ते बाकी गावानं नाही म्हटलेलेच. चांगल्या घरच्या कुटुंबवत्सल माणसाला खोली कोणीही देतं, "त्याइले मी कायले पाह्यजे?" असं तिचं म्हणणं. एकदा एका कारकुनानं कचेरीतल्या मोठ्या साहेबाची चिठ्ठी आणली. मावशीला वाचता येत नव्हतं. तिनं ती उलटसुलट करून पाहिली.

"साहेब येईन का इथं?"

"साहेब कशाला येतील, मावशी?"

"तू तापानं फनफनून पडला, दोन दिस बाहीर नाही निंगाला, तर दार वाजवाले कोन येईन मंग? तुहा साहेब?"

शेवटी त्या कारकुनानं आपल्या खानावळीच्या बाईला आणलं. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं, "उपाशी झोपला तर मले समजते." त्याला खोली मिळाली.

करतारसिंगाची गोष्ट तर गावात कितीतरी दिवस चालली. हा पंजाबकडचा ट्रक ड्रायव्हर, कोळसा घेऊन चंद्रपूरच्या रस्त्यानं ये-जा करणारा. त्याला वणीत कोण बाई ओळखणार? तो बाजारातल्या भाजीवाल्या सखूबाईला घेऊन आला. सखूबाई सगळ्या बाजारात शिवीगाळीसाठी प्रसिद्ध.

मावशीनं तिला विचारलं, "हा पाठ फिरवून गेला का तू मागून शिव्या देतंस त्याले?"

सखूबाईनं विचार केला. "नाही वो," ती आश्चर्यानं म्हणाली. "यालेच नाही देत."

पुढे एकदा करतारसिंग दारू पिऊन आला आणि अंगणात गात बसला. मावशी त्याला एका शब्दानं बोलली नाही. सकाळी ती बाजारात जाऊन सखूबाईला सांगून आली. दुकान तसंच टाकून सखूबाई आली आणि अंगणाच्या मधोमध उभी राहून तिनं त्या सहा फुटी माणसाचा असा उद्धार केला की तो हात जोडून "गलती हो गई, मां" एवढंच म्हणत राहिला. त्यानंतर तो प्यायला असेलही, पण त्या अंगणात नाही.

कौसल्या आमच्या शाळेत आली तेव्हा विशी नुकतीच ओलांडलेली होती. माहेर उमरखेडकडचं. छप्पन सालानंतर तिच्या घरच्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. पहिल्याच दिवशी, कोणी आडून विचारायच्या आत, तिनं शिक्षकांच्या खोलीत सांगून टाकलं, "आम्ही बौद्ध आहोत." खोली शोधताना तिनं ते कधी लपवलं नाही, आणि रिकाम्या खोल्यांमध्ये एकाएकी सगळीकडे पाहुणे येऊ लागले. गावाबाहेरच्या वस्तीत एका ओळखीच्या कुटुंबाकडे, एकाच खोलीत सात माणसांबरोबर ती राहत होती. वह्या तपासायला जागा नाही म्हणून शाळेतच अंधार पडेपर्यंत बसे. मी तिला मावशीकडे घेऊन गेले.

मावशी तूर पाखडत होती. "जामीन कोन?"

"मी."

"कशी हाये पोरगी?"

"वर्गात ओरडत नाही, तरी मुली गप्प बसतात."

"मंग?"

"खोटं बोलत नाही."

"मंग?"

"ती बौद्ध आहे, मावशी. म्हणून खोली मिळत नाही."

कौसल्यानं मान खाली घातली नाही. ती सरळ मावशीकडे पाहत होती. मावशीनं सूप खाली ठेवलं.

"ते मले कालच समजलं. चार ठिकानी फिरली ना ती, गाव काय बहिरं हाये?" मग कौसल्याकडे वळून म्हणाली, "सामान घेऊन ये."

मला वाटलं, झालं. पण तसं ते झालं नव्हतं. काही दिवसांनी मावशी तणतणत माझ्या दारात आली.

"तुही पोरगी माह्या विहिरीचं पानी नाही घेत. कोपऱ्यावरच्या नळावर जाऊन लाइनीत उभी राह्यते. लोकं मले काय म्हनतीन? काहून करून राह्यली ती असं?"

जामीन म्हणून चक्कर टाकताना विहिरीवर काय ठेवलंय ते मी पाहिलं होतं. "मावशी, तिच्यासाठी वेगळी बादली अन् दोर कोणी ठेवला?"

"म्या. नवी कोरी हाये. साऱ्याइत चांगली तीच हाये."

"मंग?" मी म्हटलं.

तिचा शब्द तिच्यावर आजवर कोणी उलटवला नसावा. ती दारातच खाली बसली.

"बाकीच्या बाया पानी नाही भरनार, असं वाटलं मले."

"मंग?"

"मलेबी कसंतरी वाटलं," ती चिडून म्हणाली. "लहानपनापासून जे पाह्यलं तेच हाताले येते. झालं तुह्या मनासारखं?" आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी रहाटाला कौसल्याची नवी बादली बांधलेली होती आणि सगळ्यांची जुनी बादली मावशीनं शेण कालवायला घेतली होती. आता अंगणात पाणी काढायचं तर त्याच एका बादलीनं. मावशीनं स्वतः पहिली बादली ओढली आणि तिथंच ओंजळीनं पाणी प्याली. तिसऱ्या खोलीत दवाखान्यातली एक आया राहायची. ती फणकाऱ्यानं नळावर जायला लागली आणि रांगेला कंटाळून आठवडाभरात परत आली. कौसल्या आणखी काही दिवस नुसती पाहत होती. मग एका सकाळी घागर घेऊन विहिरीवर गेली. आभारबिभार तिनं मानले नाहीत, आणि मावशीनंही तशी अपेक्षा ठेवली नाही. मला मात्र त्या दिवशी कळलं की जामीन राहायचं ते फक्त घरमालकिणीला भाडेकरूविषयी नाही. भाडेकरणीलाही घरमालकिणीविषयी कोणीतरी जामीन लागतो.

गल्लीतल्या पुरुषांना हे पाणी पचलं नाही. एका रविवारी सकाळी पाच-सहा जण ओसरीवर आले. मावशीनं त्यांना बसायला दिलं आणि करतारसिंगाला पिटाळून घरच्या जामीनबायांना, मला आणि सखूबाईला, बोलावून घेतलं. आम्ही येऊन बसेपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही.

"आता बोला," ती म्हणाली. "ह्या माह्या घरच्या जामीनबाया. पोरीनं काय केलं ते ह्याइले सांगा."

"मावशी, आम्ही तुमच्याशी बोलायला आलो," त्यातला वयस्कर म्हणाला.

"माह्या घरचा कायदा असाच हाये. पोरीनं काय केलं?"

"केलं तसं काही नाही, पन..."

"पन काय?" सखूबाई पुढे सरकली. "बोल ना. काल फुकटात कोथमिरीची जुडी मागताना तर मोठा बोलत होता."

तेवढ्यात कौसल्या आपल्या खोलीतून बाहेर आली. "माझ्याबद्दल बोलताय ना?" ती म्हणाली. "मग मी इथं उभी राहते. माझ्या तोंडावर बोला."

आणि ती खरंच उभी राहिली. शेवटी एक जण उठला, मग दुसरा.

पण एवढ्यानं मिटलं असं मी म्हणणार नाही. दूधवाल्यानं मावशीचं घर सोडलं. लग्नामुंजीची बोलावणी बंद झाली. त्या वर्षी संक्रांतीला मावशीनं तिळगूळ केला, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि ओसरीवर पाट मांडून बसली. दरवर्षी तिच्याकडे बायांची रीघ लागे. त्या दिवशी आम्ही दोघी-तिघी होतो. गल्लीतून बांगड्यांचा आवाज आला की ती मान वर करायची. आवाज पुढे निघून जायचा.

दुपार कलल्यावर तिनं ताटावर फडकं टाकलं आणि न विचारता बोलायला लागली.

"माह्या लग्नात तीन बाप्ये जामीन होते. बापानं साऱ्याइले इचारलं, पोरगा कसा हाये? गावचा मालगुजार म्हने सोनं हाये. भटजी म्हने सोनं. मामा म्हने, माह्यावर सोड. अन् हळद लावताना नवऱ्याकडची एक म्हातारी माह्या कानाशी बोलली, पोरी, याच्या घरी पहिलेच एक बाई हाये वो. तिले सारं ठाऊक होतं. पन तिले कोनी इचारलंच नव्हतं." तिनं ताटावरचं फडकं सारखं केलं. "मी तीन वर्सं मार खाल्ला तिथं. त्या तिघाइतला एकबी पाहाले नाही आला. ती म्हातारीच यायची, चोरून, भाकर घेऊन."

कौसल्यानं उठून ताटावरचं फडकं काढलं, एक लाडू घेतला आणि मावशीच्या हातावर ठेवला. "तिळगूळ घ्या, मावशी," ती म्हणाली. पुढचं तिला म्हणवलं नाही.

पुढे कौसल्याची बदली उमरखेडला झाली, तिथल्याच एका शिक्षकाशी तिचं लग्न झालं. आणि मावशीचं घर गेलं.

घर तिच्या वडिलांचं, त्यांच्यामागे भावाच्या नावावर. भाऊ होता तोवर कोणी काही बोललं नाही. तो वारल्यावर अमरावतीहून भाचा आला. वाईट नव्हता तो. मुलींची लग्नं डोक्यावर होती, घर विकावं लागणार होतं. "आत्या, आमच्याकडे चल," असं त्यानं म्हटलं.

"तुह्या बायकोनं म्हनलं का?" मावशीनं विचारलं.

भाचा घराचे कागद पिशवीत भरू लागला. मावशीनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. "राहू दे," म्हणाली.

मग ती स्वतः खोली शोधायला निघाली. साठीची एकटी बाई. ज्या गावात नको असलेल्या माणसांना तिनं जागा दिली, तिथं आता तिलाच जागा मिळेना. म्हातारी आहे, मागे कोणी नाही, उद्या इथंच काही झालं तर कोणी निस्तरायचं, असं तोंडावर सांगत लोक. आमच्या दोन खोल्यांत सासू-सासरे, दीर, मुलं. तरी मी म्हटलं, या. तिनं मानेनंच नको म्हटलं. शेवटी एक पेन्शनीत निघालेले गृहस्थ जामीन असेल तर खोली द्यायला तयार झाले. मी तयार होते, पण तिच्या घरात राहून गेलेलीच तिला जामीन हवी होती; मावशीनं कौसल्याला निरोप धाडला. ती यवतमाळला गाडी बदलून, कडेवर मूल घेऊन आली.

आम्ही तिघी त्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी कौसल्याकडे पाहिलं, तिचं नाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यांचं राहू द्या. तुमच्या यजमानांनी हमी दिली तरी पुरे. आजच किल्ली देतो."

मावशी उठली. "चाल वो," ती कौसल्याला म्हणाली.

मी रस्त्यात तिला विनवलं. यजमान आनंदानं हमी देतील, नुसतं बोलायचं तर आहे, डोक्यावर छप्पर तर येईल. ती थांबली.

"तुह्या घरचे लय चांगले हायेत. पन हिले नाही म्हनलं त्यानं, आपल्या डोळ्यासमोर. मी त्याच घरात जाऊन झोपू?"

कौसल्या म्हणाली, "मावशी, माझ्याकडे चला."

"तुह्या घरी नाही. खोली पाह्य तिकडं. भाड्यानं राहीन."

"पाहते. जामीन मी."

"तूच," मावशी म्हणाली.

ती गेली त्या दिवशी एसटीच्या टपावर तिची एक पेटी आणि वळकटी होती. करतारसिंगानं सामान वर चढवलं आणि गाडी हलेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. आमच्या गल्लीत ती पुन्हा आली नाही.

पाच-सहा वर्षांनी शिक्षकांच्या शिबिराच्या निमित्तानं मी उमरखेडला गेले. बौद्ध वस्तीत कौसल्याच्या घरापासून चार घरं सोडून मावशीची खोली होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. मी दारात उभी राहिले तरी तिला कळलं नाही; बोलले तेव्हा मात्र तिनं हात पुढे केला आणि माझा चेहरा चाचपला. "सुकली," म्हणाली. शेजारच्या बाया जमल्या. त्यांना ती मला दाखवत होती, "हे माही वनीची."

तिनं सगळ्यांची विचारपूस केली. सखूबाई वारली हे मी सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गुडघ्यावर हात फिरवत बसली. मग हळूच विचारलं, "माह्या घरी कोन राह्यते आता?"

"सरकीचं गोदाम केलंय, मावशी."

"मानूस कोनी नाही राहात?"

"नाही."

"तिनही खोल्याइत?"

"तिन्हींत पोतीच आहेत," मी म्हटलं. "अरे बापा," ती म्हणाली, आणि चहाचा कप ओठांपर्यंत नेऊन तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी निघाले. तिला तिच्या खोलीतच नमस्कार केला होता. उन्हाचं स्टँडवर येऊ नका, असं बजावलं होतं. गाडी भरलेली होती. मला मागची, पलीकडच्या बाजूची जागा मिळाली. गाडी सुटायच्या बेतात असताना मला स्टँडकडच्या बाजूला, खाली, मावशी दिसली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. ती पुढून एकेका खिडकीशी थांबत होती, मान वर करून विचारत होती, "मास्तरीनबाई हायेत का वो?"

मी हाक मारली. इंजिनच्या घरघरीत ती कुठे पोचणार? मी उठले, पण मधल्या वाटेत पोती आणि माणसं गच्च बसलेली. तेवढ्यात पुढच्या एका खिडकीतल्या बाईनं, मावशी काहीतरी द्यायला आलीय असं वाटून, हात बाहेर काढला. मावशीनं तो हात धरला. फडकं त्या हातात दिलं, तो आपल्या गालाला लावला, आणि काहीतरी सांगू लागली. ती अनोळखी बाई आधी गोंधळली, मग मान हलवत राहिली. गाडी निघाली तेव्हा मावशीनं हात सोडला.

लोकांना ओलांडत मी त्या बाईपर्यंत पोचले. फडक्यात भाजलेल्या शेंगा होत्या, अजून गरम. "तुमच्या का?" म्हणून ती मला देऊ लागली. मी तिला म्हटलं, राहू द्या, तुम्हालाच दिल्यात. आणि विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"म्हने, पुढच्या खेपेले राहाले ये. जागा हाये."

मी खिडकीतून वाकून मागे पाहिलं. मावशी परत निघाली होती. पदर डोक्यावरून पुढे ओढून, काठी टेकत, स्टँडच्या भिंतीलगतच्या सावलीतून ती सावकाश चालली होती. भेट झाल्याच्या समाधानात तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.